कॅम्पसमधल्या इमारतींना फायबरवरून टेलिफोन: तांब्याची केबल काढून साध्या लाईन कशा न्याव्यात

साखर कारखाना घ्या, कृषी विद्यापीठ घ्या, नाहीतर तालुक्याच्या गावाबाहेर माळावर वसलेलं कॉलेज घ्या. टेलिफोनची मांडणी सगळीकडे सारखीच दिसते. मुख्य इमारतीत ईपीएबीएक्स, म्हणजे कॅम्पसचं स्वतःचं छोटं टेलिफोन एक्स्चेंज, शेजारी भिंतीवर एमडीएफ, म्हणजे सगळ्या तारा जिथे येऊन जुळतात तो बोर्ड, आणि तिथून जमिनीखालून किंवा खांबांवरून निघालेल्या जेली केबली (ओल शिरू नये म्हणून आत जेली भरलेल्या तांब्याच्या केबली): एक वसतिगृहाला, एक वर्कशॉपला, एक गेटला. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस कडाडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी तक्रारी सुरू होतात. वसतिगृहाचा फोन मुका, गेटचा फोन नुसता गुणगुणतोय, ईपीएबीएक्समधल्या एक्स्टेन्शन कार्डाचे निम्मे पोर्ट गेलेले. कार्ड बदललं जातं, आणि परतीच्या पावसात पुन्हा तेच घडतं.

यावर कायमचा इलाज आहे. दोन इमारतींमधलं तांबं काढायचं आणि त्याच लाईन फायबरवरून न्यायच्या. फोन तेच, एक्स्टेन्शन नंबर तेच, ईपीएबीएक्सही तोच. ज्यांच्या गळ्यात कॅम्पसचे फोन पडले आहेत, म्हणजे इलेक्ट्रिकल सुपरवायझर, कॉम्प्युटर लॅबचे इनचार्ज, कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागातली मंडळी, त्यांच्यासाठी हे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसं करायचं ते इथे सांगतो.

मोबाईलच्या काळात हा खटाटोप कशाला, असं व्यवस्थापन विचारेलच. बॉयलर हाऊसच्या गोंगाटात मोबाईलची रिंग ऐकू येत नाही. वॉर्डातला फोन कुणाच्या खिशात घरी जात नाही. रात्रपाळीला माणूस बदलला तरी गेटचा नंबर बदलत नाही. जिथे जीव आणि यंत्रं सांभाळायची असतात तिथे जागेला बांधलेला फोन लागतोच.

तांब्याचा खरा दोष

बऱ्याच जणांना वाटतं की अंतर जास्त म्हणून लाईन बिघडते. तसं नसतं. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तारांच्या जोडीचा लूप रोध, म्हणजे दोन्ही तारांचा मिळून रोध, किलोमीटरला साधारण 170 ओहम भरतो, आणि एवढा रोध बहुतेक ईपीएबीएक्स सहज पेलतात. दोष अर्थिंगमध्ये आहे.

समजा वर्कशॉपच्या इमारतीवर वीज पडली. विजेचा प्रवाह 20,000 अँपिअर आणि इमारतीच्या अर्थिंगचा रोध 5 ओहम धरा. गुणाकार 1,00,000 व्होल्ट. तेवढ्या क्षणापुरती त्या इमारतीखालची जमीन दूरच्या जमिनीपेक्षा लाखभर व्होल्टने वर उचलली जाते. हा कागदावरचा आकडा आहे, प्रत्यक्षात बराचसा प्रवाह आजूबाजूला पसरतो. पण त्याचा दहावा हिस्सा जरी उरला तरी 10,000 व्होल्ट होतात. मधे तांब्याची केबल असेल तर हा फरक त्या केबलमधून मुख्य इमारतीकडे धावतो, आणि त्याच्या वाटेत पहिलं येतं ते तुमचं एक्स्टेन्शन कार्ड. वीज इमारतीवरच पडायला हवी असंही नाही, शेजारच्या झाडावर पडली तरी पुरे.

आपल्याकडे हा त्रास जास्त जाणवतो, आणि त्याला कारण आहे. वळवाच्या विजा येतात त्याच सुमारास जमीन वर्षातली सर्वांत कोरडी असते. माती सुकली की अर्थिंगचा रोध चढतो. जिथे मातीचा थर पातळ आणि खाली काळा कातळ आहे तिथे तर अर्थ पिट मुळातच खोल गेलेला नसतो. आणि जिथे काळी माती खोल आहे तिथे उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात तीच माती फुगते. या ओढाताणीत केबलचे जॉइंट सैल होतात, पाणी शिरतं, लाईनवर खरखर सुरू होते, एका फोनवर दुसऱ्याचं बोलणं ऐकू येतं.

एमडीएफवर सर्ज प्रोटेक्टर बसवले तर नुकसान कमी होतं, हे खरं. पण दोन इमारतींच्या अर्थिंगला बांधून ठेवणारा धागा तसाच राहतो. काचेचा धागा वीज वाहत नाही, म्हणून तो संबंधच तुटतो. एवढ्या एका कारणासाठी अगदी तीनशे मीटरवरच्या इमारतीलाही मी फायबरच सुचवतो.

आधी एमडीएफसमोर उभे राहा

काहीही विकत घेण्याआधी यादी करा. मल्टिमीटर आणि टेस्ट फोन घेऊन एमडीएफच्या एकेका जोडीवर जा. लाईन जिवंत असेल आणि फोन ठेवलेला असेल तर जोडीवर साधारण 48 व्होल्ट डीसी दिसतात, काही छोट्या ईपीएबीएक्सवर 24 ते 30. रिसीव्हर उचलला की ते 6 ते 12 पर्यंत खाली येतात. बेल वाजताना 75 व्होल्टच्या आसपास एसी येतो, तेव्हा बोटं लांब ठेवा, झटका चांगला बसतो.

या फेरीतच समजतं की वीस जोड्यांच्या केबलवर प्रत्यक्षात सहा-सातच फोन चालू आहेत. बाकीच्या जोड्या कुणीतरी कधीकाळी पंच करून, म्हणजे पट्टीत दाबून जोडून, ठेवलेल्या असतात. वीस लाईनचं यंत्र मागवायचं की आठचं, हे इथे ठरतं.

प्रत्येक लाईनपुढे पलीकडच्या टोकाला काय आहे ते लिहा. साधा फोन की फॅक्स? दोन खोल्यांत समांतर जोडलेले फोन आहेत का? लिफ्टमधला फोन आहे का? फायर अलार्म पॅनेलचा डायलर आहे का? कॉल दुसरीकडे वळवण्यासाठी लोक फ्लॅश बटण दाबतात का? जुना चकतीचा फोन कुठे उरलाय का? चकतीचा फोन लूपची उघडझाप करून नंबर पाठवतो. मल्टिप्लेक्सरवर तो चालू शकतो, आयपी गेटवेवर बहुधा नाही (ही दोन्ही यंत्रं पुढे येतात), त्यामुळे तो बदलूनच टाकावा.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा. प्राचार्यांच्या किंवा जनरल मॅनेजरच्या टेबलावर डिस्प्ले आणि बटणांच्या रांगा असलेला फोन असतो, तो बहुतेक वेळा ईपीएबीएक्स बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा डिजिटल फोन असतो. त्याच्या जोडीवर साधी ॲनालॉग लाईन नसतेच. ती या पद्धतीने फायबरवरून जात नाही. तिथे साधा फोन द्यावा लागेल, किंवा त्या कंपनीचं वेगळं कार्ड घ्यावं लागेल.

एफएक्सएस आणि एफएक्सओ

सगळी खरेदी या दोन अक्षरगटांवर अवलंबून आहे, आणि सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. डायल टोन आणि बेल देतो तो पोर्ट एफएक्सएस. टोन घेतो आणि बेल ओळखतो तो पोर्ट एफएक्सओ. ईपीएबीएक्सचा एक्स्टेन्शन पोर्ट टोन देतो, म्हणजे तो एफएक्सएस. भिंतीवरचा फोन टोन घेतो, म्हणजे तो एफएक्सओच्या जागी. एका बाजूचा एफएक्सएस दुसऱ्या बाजूच्या एफएक्सओलाच जोडायचा असतो.

म्हणून मुख्य इमारतीत, ईपीएबीएक्सला लागून बसणारं यंत्र एफएक्सओचं हवं. वसतिगृहात, फोनला लागून बसणारं यंत्र एफएक्सएसचं हवं. दोन्हीकडे एफएक्सएस मागवलं तर ईपीएबीएक्सच्या बाजूला टोन देणारे दोन पोर्ट समोरासमोर येतात आणि काहीच चालत नाही. दुकानदाराला ‘आठ लाईनचं गेटवे द्या’ एवढंच सांगू नका. ‘आठ एफएक्सओचं एक आणि आठ एफएक्सएसचं एक’ असं लेखी द्या.

बाहेरची लाईन दुसऱ्या इमारतीत न्यायची असेल तरी नियम तोच. बीएसएनएलची लाईन आता पुष्कळ ठिकाणी फायबरच्या ओएनटीवरून, म्हणजे फायबर जिथे येऊन संपतो त्या डब्यावरून येते. त्या डब्यामागचं टेलिफोनचं भोक टोन देतं, म्हणजे एफएक्सएस, तेव्हा त्यासमोर एफएक्सओ लावायचा.

मल्टिप्लेक्सर की आयपी गेटवे

पहिला मार्ग टेलिफोन मल्टिप्लेक्सरचा. दोन डबे, मधे फायबर. एका डब्यात आठ, सोळा किंवा तीस लाईन आत जातात, दुसऱ्यातून तशाच बाहेर येतात. प्रत्येक आवाजाचे 64 केबीपीएस आकडे होतात, असे तीस आवाज 2.048 एमबीपीएसच्या एका प्रवाहात बसतात. आयपी पत्ता नाही, पासवर्ड नाही, सेटिंग जवळजवळ नाहीच. उशीर इतका कमी की कानाला कळत नाही. मात्र त्याला फायबर केबलमधले स्वतःचे कोअर, म्हणजे काचेचे धागे, लागतात, आणि डबा गेला तर त्याच कंपनीचा डबा आणावा लागतो.

दुसरा मार्ग आयपी गेटवेच्या जोडीचा. मुख्य इमारतीत एफएक्सओ गेटवे, पलीकडे एफएक्सएस गेटवे, मधे दोन नेटवर्क स्विच आणि फायबर. जी.711 कोडेकवर (कोडेक म्हणजे आवाजाचे आकडे करण्याची पद्धत) एका कॉलला इथरनेटवर साधारण 87 केबीपीएस लागतात. म्हणजे सोळाच्या सोळा लाईन एकाच वेळी बोलत असल्या तरी 1.4 एमबीपीएस. शंभर एमबीपीएसच्या साध्या जोडणीलाही हे काहीच नाही. याच फायबरवरून इंटरनेट आणि कॅमेरेही जाऊ शकतात. पण सेटिंगं बरीच आहेत, आणि ती समजणारा माणूस लागतो.

तिसरा मार्गही आहे: ईपीएबीएक्सच आयपीचा असेल तर एफएक्सओची गरजच उरत नाही. पलीकडचं एफएक्सएस गेटवे थेट सिपने, म्हणजे आयपी फोनच्या नेहमीच्या भाषेने, त्याच्याकडे नोंदवायचं. नवीन ईपीएबीएक्स घ्यायचाच असेल तर हाच मार्ग धरा, मधला एक टप्पा कमी होतो.

माझं मत विचाराल तर, जुना ईपीएबीएक्स चांगला चालतोय, लाईन ठरलेल्या आहेत आणि नेटवर्क बघणारा माणूस पूर्णवेळ नाही, अशा ठिकाणी मल्टिप्लेक्सर घ्या. साखर कारखान्यात गाळपाच्या हंगामात रात्री दोन वाजता स्विचचं कॉन्फिगरेशन कोण बघणार? जिथे कॅम्पसचं नेटवर्क नीट सांभाळलं जातं तिथे गेटवे घ्या.

फायबर टाकणं

नवीन टाकत असाल तर सिंगल मोड फायबर, जी.652डी या प्रकारचा. लागतात एक किंवा दोन कोअर, पण बाराची केबल टाका. खर्च खोदाईचा असतो, काचेचा नाही. कोअरचे रंग ठरलेले आहेत: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, फिकट निळसर-हिरवा. पहिले दोन टेलिफोनला, पुढचे दोन नेटवर्कला, त्यापुढचे कॅमेऱ्यांना, बाकी राखीव. ही वाटणी एकदा लिहून दोन्ही टोकांच्या एलआययूच्या, म्हणजे फायबर जिथे संपतो त्या डब्याच्या, झाकणाच्या आतून चिकटवा.

आधीपासून नारिंगी वेष्टनाची मल्टिमोड केबल पडलेली असेल तर ती टाकून देऊ नका. शंभर एमबीपीएसच्या मल्टिमोड मीडिया कन्व्हर्टरवर ती दोन किलोमीटरपर्यंत चालते, आणि टेलिफोनला तेवढा वेग भरपूर झाला. फक्त दोन्ही टोकांची यंत्रं मल्टिमोडचीच हवीत.

चर किमान एक मीटर खोल घ्या आणि केबल उघडी न टाकता 40 मिलिमीटरच्या एचडीपीई पाईपमधून ओढा. काळ्या मातीत पाईपच्या खाली-वर वाळू किंवा बारीक मुरूम भरा, नुसती तीच माती परत ढकलू नका. भेगांची ओढ पाईपपर्यंत पोचू नये हा हेतू. अर्ध्या मीटरवर कातळ लागला आणि ब्रेकरही थकला, तर तेवढ्या टप्प्यात जीआय पाईप टाकून वर काँक्रीट ओता. पाईपची दोन्ही तोंडं प्लगने बंद करा, नाहीतर घुशी आत शिरतात आणि पाण्याबरोबर गाळही. वर खुणेचे दगड लावा, कारण पुढच्या वर्षी पाण्याच्या पाईपलाईनसाठी जेसीबी येणारच आहे. चेंबरमध्ये दहा-दहा मीटरची वेटोळी सोडून ठेवा. केबल तुटली तर जॉइंट करायला तीच उपयोगी पडते.

आता आर्मर्ड केबलबद्दल. उंदीर-घुशींपासून पोलादी पट्टी वाचवते म्हणून पुरवठादार तीच गळ्यात मारतात. पण ती पट्टी धातूची आहे. ती दोन्ही टोकांना रॅकपर्यंत नेली तर ज्या कारणासाठी तांबं काढलं तेच कारण मागच्या दाराने परत आत आलं. एचडीपीई पाईप घातलेला असेल तर बिनधातूची केबल घ्या. आर्मर्डच टाकलेली असेल तर इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर तिचं पोलाद कापून थांबवा, एका टोकाला अर्थ करा, दुसऱ्या टोकाला हीट श्रिंकने झाकून मोकळं ठेवा. भिंतीच्या आत एलआययूपर्यंत फक्त काच आणि प्लॅस्टिक जायला हवं. खांबांवरून न्यायची असेल तर एडीएसएस केबल घ्या, तिच्यात ताण पेलायला धातूची तार नसते.

स्प्लायसिंग, म्हणजे काचेचे धागे एकमेकांना जोडण्याचं काम, भाड्याच्या माणसाकडून करून घ्याल, पण शेजारी उभे राहा. जॉइंट सावलीत आणि वाऱ्याच्या आडोशाला व्हावा. मे महिन्याच्या धुळीत उघड्यावर केलेला जॉइंट नेहमीच शंकास्पद. मशीनवर 0.1 डीबीपेक्षा (डीबी हे प्रकाशाच्या घटीचं माप) जास्त घट दिसली तर तोडून पुन्हा करायला सांगा. कापलेल्या काचेचे तुकडे बाटलीत जमा झाले पाहिजेत, ते पायात शिरले तर डोळ्यांना दिसतही नाहीत. चालू फायबरच्या टोकात कधीही डोकावू नका. तो प्रकाश अदृश्य असतो, पण डोळ्याला इजा करतो.

किती घट चालेल याचा हिशेब सोपा आहे. अंतर 900 मीटर, 1310 नॅनोमीटरला किलोमीटरमागे 0.35 डीबी, म्हणजे साधारण 0.3. चार जॉइंट 0.4. दोन्ही टोकांचे कनेक्टर अर्धा-अर्धा, मिळून 1. एकूण 1.7 डीबी. दहा किलोमीटरच्या साध्या ऑप्टिक्सला, म्हणजे प्रकाश पाठवणाऱ्या-घेणाऱ्या मॉड्यूलला, दहा डीबीच्या आसपास घट सहन होते, म्हणजे भरपूर वाव आहे. पॉवर मीटरवर तीनपेक्षा जास्त घट दिसली तर कुठेतरी घाणेरडा कनेक्टर किंवा दुमडलेला कोअर आहे. लाल प्रकाशाचा टॉर्च लावून बघा, जिथे वळण फार घट्ट असेल तिथे लाल उजेड पाझरताना दिसतो. उलट गोष्टही लक्षात असू द्या: ‘जास्त ताकदीचं चांगलं’ म्हणून चाळीस-ऐंशी किलोमीटरचं ऑप्टिक्स घेऊ नका. एवढ्या जवळून त्याचा प्रकाश समोरच्या रिसीव्हरला झेपत नाही.

हिरवा कनेक्टर आणि निळा कनेक्टर एकमेकांत घालू नका, त्यांच्या टोकांचे कोन वेगळे असतात. एकाच कोअरवर दोन्ही दिशा चालवणारे मॉड्यूल घेतले तर एका टोकाला 1310 पाठवणारा आणि दुसऱ्या टोकाला 1550 पाठवणारा, अशी जोडीच हवी. दोन्ही एकसारखे आले तर दिवा लागत नाही, आणि माणूस विनाकारण केबल उकरत बसतो.

आधी टेबलावर चालवा

दोन्ही यंत्रं जागेवर बसवण्याआधी एकाच टेबलावर ठेवा. मधे छोटी पॅचकॉर्ड, एका बाजूला ईपीएबीएक्सची एक खरी लाईन, दुसऱ्या बाजूला फोन. जे काही बिघडायचं ते इथे बिघडू द्या. एकदा एक डबा इकडे आणि दुसरा किलोमीटरभर लांब गेला की प्रत्येक चाचणीला दोन माणसं आणि दोन मोबाईल लागतात.

मल्टिप्लेक्सर असेल तर उचललं की टोन, बेल वाजते का, नंबर लागतो का, फ्लॅश चालतो का एवढं पाहा. गेटवे असेल तर पुढची सेटिंगं एकेक करून घाला.

प्रत्येक एफएक्सएस पोर्टला त्याच्या समोरच्या एफएक्सओ पोर्टशी हॉटलाईनने बांधा. रिसीव्हर उचलताच पलीकडचा एफएक्सओ लाईन धरतो आणि फोनवर ईपीएबीएक्सचीच टोन ऐकू येते. उलट दिशेला, ईपीएबीएक्सकडून बेल आली की एफएक्सओने ती लगेच उचलायची नाही. पलीकडच्या फोनला बेल द्यायची आणि तिथे कुणी उचललं तरच लाईन धरायची. हे सेटिंग चुकलं तर फोन करणाऱ्याला वाटतं की उचलला, आणि समोरून फक्त दुसरी बेल ऐकू येते. कॉलर आयडी हवा असेल तर ईपीएबीएक्स तो एफएसकेने देतो की डीटीएमएफने (नंबर पाठवायच्या या दोन पद्धती), हे त्याच्या मॅन्युअलमध्ये पाहा आणि दोन्ही टोकांना तेच निवडा. एफएसके पहिल्या आणि दुसऱ्या बेलच्या मधे येतो, म्हणून एफएक्सओला दुसऱ्या बेलपर्यंत थांबवावं लागतं.

कोडेक जी.711 ए-लॉ ठेवा. जागा वाचवणारे कोडेक इथे नकोत, फायबरवर जागेची टंचाई नाही. शांतता दाबणारं सेटिंग बंद करा, नाहीतर शब्दांची सुरुवात कापली जाते. इको कॅन्सलेशन चालू ठेवा. फॅक्सच्या पोर्टवर टी.38 (नेटवर्कवरून फॅक्स नेण्याची पद्धत) चालवून बघा, नाही जमलं तर साधा जी.711. पोर्टचा इम्पिडन्स 600 ओहम. दोन्ही यंत्रांना स्थिर आयपी पत्ते द्या, आणि शक्यतो टेलिफोनसाठी वेगळे कोअर किंवा निदान वेगळा व्हीलॅन, म्हणजे त्याच नेटवर्कमध्ये पाडलेला स्वतंत्र कप्पा.

फोन ठेवला, पण लाईन सुटली का?

या सगळ्या कामात सर्वांत जास्त डोकं खाणारी जागा ही आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

वसतिगृहातून कुणी बोलत आहे आणि मुख्य इमारतीतल्या माणसाने आधी फोन ठेवला. ईपीएबीएक्स आता वसतिगृहाच्या लाईनवर बिझी टोन वाजवायला लागतो. वसतिगृहातल्या माणसानेही रिसीव्हर ठेवला तर प्रश्न नाही. पण त्याने रिसीव्हर बाजूला ठेवून दिला, किंवा तिथे माणसाऐवजी फॅक्स असेल, तर? एफएक्सओला कुणी सांगितलं नाही तर तो लाईन धरूनच बसतो. बाहेरच्या लाईनवर हे झालं तर ती लाईन तासन् तास अडकते, सगळ्यांना एंगेज लागते, आणि शेवटी कुणीतरी गेटवे बंद करून चालू करतं.

बोलणं संपल्याची खूण ईपीएबीएक्स तीनपैकी एका प्रकारे देतो. काही पोर्ट लाईनचा प्रवाह क्षणभर तोडतात. काही पोलॅरिटी उलटवतात. उरलेले फक्त बिझी टोन देतात. कोणती खूण मिळते ते मल्टिमीटर लावून बघता येतं: जोडीवर मीटर ठेवा, पलीकडच्याला फोन ठेवायला सांगा आणि आकडा क्षणभर शून्यावर गेला का, चिन्ह उलटलं का ते पाहा. पहिल्या दोनपैकी काही मिळत असेल तर तेच वापरा, टोनपेक्षा ते खात्रीचं.

फक्त टोनच मिळत असेल तर गेटवेला ती टोन ओळखायला शिकवावी लागते. भारतातल्या सार्वजनिक लाईनची बिझी टोन 400 हर्ट्झची, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. गेटवेमध्ये देश म्हणून भारत निवडला की बहुधा हेच आकडे येतात. पण तुमच्या ईपीएबीएक्सची टोन तशीच असेल असं धरून चालू नका, कित्येकांची लय वेगळी असते. टोन मोबाईलवर रेकॉर्ड करा, ऑडिओच्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, पट्टीवर चालू-बंदची लांबी मोजा आणि तेच मिलिसेकंद गेटवेमध्ये भरा. तीन किंवा चार आवर्तनं ऐकली की लाईन सोड, असं ठेवा. एकाच आवर्तनावर सोडायला सांगितलं तर मधेच चालू कॉल तुटतात.

फ्लॅशचाही असाच हिशेब आहे. फ्लॅश म्हणजे लाईन क्षणभर तोडणं. किती क्षणभर, हे ईपीएबीएक्स ठरवतो: कुणी 100 मिलिसेकंद मागतो, कुणी 600. एफएक्सएसने ओळखायचा आणि एफएक्सओने पुढे पाठवायचा काळ दोन्ही जुळवा. जुळला नाही तर कॉल वळण्याऐवजी कटतो, आणि लोक म्हणतात की नवीन सिस्टीम खराब आहे.

आवाजाची पातळी शेवटी बघा. स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल तर एफएक्सओच्या बाजूची पातळी तीन डीबीने उतरवून पाहा. सगळे पोर्ट एकाच मापाने बदला, नाहीतर कुठल्या लाईनला काय केलंय हे कुणालाच आठवत नाही.

वीज, अर्थिंग, ऊन

तांब्यावरच्या फोनला ईपीएबीएक्सच्या बॅटरीतूनच वीज मिळायची. वसतिगृहात अंधार असला तरी फोन चालायचा. फायबरवर तसं नाही. तिथलं यंत्र बंद पडलं की फोन मेला. म्हणून पलीकडच्या टोकाला बॅटरी हवीच, या मुद्द्यावर तडजोड करू नका. ज्या रात्री फीडर गेलेला असतो त्याच रात्री वॉर्डातून किंवा वसतिगृहातून फोन करायची वेळ येते.

हिशेब असा: आठ पोर्टचं गेटवे 15 वॉट, छोटा स्विच 10 वॉट, एकूण 25. बारा व्होल्ट 42 एएचची बॅटरी म्हणजे सुमारे 500 वॉट-तास. बॅटरी निम्मीच रिकामी करायची म्हटलं तर 250, म्हणजे दहा तास. यंत्रं बारा व्होल्टवर चालणारी असतील तर इन्व्हर्टर मधे न घालता डीसीवरच चालवा, तेवढी वीज वाचते. तुमच्या यंत्राचा आकडा त्याच्या मागच्या पट्टीवर असतो, तो घेऊन गणित पुन्हा करा.

फायबर आली म्हणून अर्थिंगची गरज संपत नाही. वीज महावितरणच्या तारेवरूनही आत येते. दोन्ही टोकांच्या डिस्ट्रिब्युशन बोर्डात सर्ज प्रोटेक्शन बसवा आणि रॅक त्याच इमारतीच्या अर्थिंगला बांधा, दुसऱ्या इमारतीची अर्थ वायर ओढून आणू नका. अर्थ पिटचा रोध पाच ओहमच्या आत असावा. मोजायचा तो एप्रिल-मेमध्ये. श्रावणात ओल्या जमिनीत घेतलेला आकडा छान दिसतो, पण वळवाच्या वेळी तो खरा नसतो.

उन्हाचं म्हणाल तर गेटची पत्र्याची केबिन सर्वांत अवघड. बाहेर पारा बेचाळीसवर असला की पत्र्याखाली त्याहून बरंच चढतं, आणि पुष्कळ यंत्रांची मर्यादा चाळीस-पंचेचाळीस अंशांवर संपते. यंत्र पत्र्याला लागून वर टांगू नका, टेबलाखाली सावलीत, जाळीच्या डब्यात ठेवा. केबिन जवळच्याच पक्क्या इमारतीच्या विजेवर आणि अर्थिंगवर असेल तर यंत्र त्या इमारतीत ठेवून शेवटचे काही मीटर तांबं चालतं, पण दोन्ही टोकांना गॅस ट्यूबचे प्रोटेक्टर लावूनच.

लाईन बदलणं

सगळ्या लाईन एकाच दिवशी हलवू नका. आधी कमी महत्त्वाची एक घ्या, आठवडाभर चालू द्या. फोन उचला, आतला नंबर, बाहेरचा नंबर, येणारी बेल, कॉलर आयडी, फ्लॅश, आणि दोन्ही बाजूंनी आधी फोन ठेवून लाईन सुटते का, एवढं प्रत्येक लाईनवर करा. समांतर फोन असतील तर सगळे एकदम वाजतात का बघा, एफएक्सएस पोर्टची बेल ईपीएबीएक्सपेक्षा कमजोर असू शकते. लिफ्टचा फोन आणि फायर पॅनेलचा डायलर सगळ्यांत शेवटी, तो बसवणाऱ्या कंपनीचा माणूस समोर असताना.

क्रोन मॉड्यूलवर, म्हणजे एमडीएफवरच्या तारा दाबून बसवायच्या पट्टीवर, नवीन जोड्या पंच करताना पंचिंग टूलच वापरा. पेचकसने दाबलेली तार पहिल्या पावसाळ्यापर्यंतच टिकते. प्रत्येक जोडीला एक्स्टेन्शन नंबर, गेटवेचा पोर्ट आणि पलीकडची खोली लिहिलेलं लेबल लावा.

आणि जुनी जेली केबल. नवीन लाईन चालू झाल्या की तिला विसरलं जातं, ती एमडीएफवर तशीच जोडलेली राहते, आणि पुढच्या वळवाला वीज त्याच वाटेने आत येते. दोन्ही टोकांना तिची प्रत्येक जोडी क्रोनमधून उपटून काढा. मुख्य इमारतीच्या टोकाला सगळ्या जोड्या एकत्र करून अर्थ बारला बांधा, दुसऱ्या टोकाला टोपी घालून बंद करा. ‘असू द्या, कधी लागली तर’ म्हणून एकही जोडी कार्डावर ठेवू नका.

कपाटात एक जादा एफएक्सएस यंत्र, ऑप्टिक्सची एक जोडी, दोन पॅचकॉर्ड आणि कनेक्टर पुसायचं साहित्य असू द्या. गेटवेच्या सेटिंगची फाईल दोन ठिकाणी ठेवा, एक प्रत कार्यालयातल्या छापील फायलीत. फायबरचा ओटीडीआरचा (फायबरमधल्या दोषाचं अंतर मोजणाऱ्या यंत्राचा) आलेखही त्याच फायलीत लावा. केबल तुटली की नवा आलेख काढून या जुन्याशी ताडून बघितला तर तुटलेली जागा मुख्य इमारतीपासून किती मीटरवर आहे ते सांगता येतं, आणि अख्खा चर उकरावा लागत नाही.